खाडीला तिऱ्हाईत साक्षीदार हवा

16 जानेवारी 1984. तुम्ही गव्हाणहून जासईच्या वाटेला लागला आहात. थंडीचे दिवस, पण रस्त्यावर माणसांची रीघ आहे. आगरी बायका कासोटा मारून पुढे आहेत, गडी मागे. न्हावाशेवा बंदरासाठी आणि नव्या शहरासाठी जमिनी चालल्यात, त्या मातीमोलानं द्यायच्या नाहीत, एवढं प्रत्येकाला पक्कं ठाऊक आहे. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नावाचा जयजयकार कानावर पडतो. मग दास्तानला गोळीबार होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन दिवसांत पाच शेतकरी हुतात्मे होतात. त्या रक्तातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क उभा राहतो.

त्या गर्दीत कोळीवाड्यातली माणसंही आहेत. शेतकऱ्याकडे निदान सातबारा आहे, कागद पुढे करून तो भांडू शकतो. खाडीचा सातबारा कुठल्या तलाठ्याकडे मिळतो?

आता आणखी मागे चला, बंदर होण्याआधीच्या गव्हाणच्या खाडीवर. सुकती लागली आहे. पोटरीपर्यंत चिखल. तुमच्या पुढे एक मावशी वाकून तिवरांच्या मुळांपाशी बीळ शोधते, आकडी आत सारते, मनगट जरासं फिरवते आणि चिंबोरी बाहेर काढते. तिचे डेंगे बांधून टोपलीत टाकते नि पुढच्या बिळाकडे वळते. पाण्याच्या कडेला निवट्या उड्या मारताहेत. जिताडा कोणत्या तिथीला आत येईल, हे तिला उधाण-भांगाच्या हिशेबानं माहीत आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा हिशेब तोंडी आहे, सरकारदरबारी त्याची नोंद नाही.

26 मे 1989. न्हावाशेव्याचं ते बंदर, जवाहरलाल नेहरू बंदर, सुरू होतं. पुढची वर्षं झरझर सरतात. भराव वाढतो, जहाजांसाठी खाडीचा तळ उपसला जातो. भरतीच्या पाण्याची वाट बुजली की आतली तिवरं वाळतात. तिवरं वाळली की माशांच्या पिल्लांना आसरा उरत नाही. होडी समुद्रात काढायचा मार्गही आखडतो. मावशीची टोपली हलकी होत जाते. ती सांगते, पण तिचं म्हणणं रडगाणं ठरतं, कारण तिचा त्यात स्वार्थ आहे. प्रकल्पवाल्यांचं म्हणणं अहवाल ठरतं, जरी स्वार्थ त्यांचाही असला तरी.

27 फेब्रुवारी 2015. तुम्ही पुण्यात, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम खंडपीठासमोर आहात. उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, बेलपाडा आणि गव्हाण इथल्या पारंपरिक मच्छीमारांच्या बचाव कृती समितीचा अर्ज निकाली निघतोय. न्यायासनावर न्या. व्ही. आर. किनगावकर आहेत आणि शेजारी तज्ज्ञ सदस्य डॉ. अजय देशपांडे. 2010च्या कायद्यानं न्यायाधीशाबरोबर विषयाचा जाणकारही निवाड्याला बसतो. ज्याचा खाडीत वाटा नाही नि बंदरातही नाही, अशा माणसानं भरती-ओहोटीचं गणित तपासायचं, ही त्यामागची कल्पना. निकाल लागतो: 1630 कुटुंबांना प्रत्येकी 5 लाख 84 हजार रुपये भरपाई, एकूण 95 कोटी 19 लाख 20 हजार. रकमेपेक्षाही मोठी गोष्ट तुमच्या कानांनी ऐकली: मावशीचं नुकसान आता कागदावर आलं.

असाच तिऱ्हाईत साक्षीदार बघायला त्याच काळातल्या जिनिव्हात डोकावून या. 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेनं जॉन नॉक्स यांना पर्यावरण आणि मानवी हक्क या विषयाचे स्वतंत्र तज्ज्ञ नेमलं. असे तज्ज्ञ संयुक्त राष्ट्रांचे नोकर नसतात, त्यांना या कामाचा पगार मिळत नाही. एखाद्या देशाच्या संमतीनं ते तिथं जातात, पीडितांना भेटतात, सरकारला प्रश्न विचारतात आणि जे दिसलं ते जगासमोर मांडतात. भारतानं 2011 साली अशा तज्ज्ञांना कायमचं निमंत्रण दिलं आहे. न्यायाधिकरणासारखा हुकूम मात्र त्यांना सोडता येत नाही. त्यांच्या हाती असते ती फक्त साक्ष, आणि त्या साक्षीचं वजन त्यांच्या अलिप्तपणावर तोललेलं असतं. उद्या ते कुणाच्या ताटाखालचं मांजर झाले, तर तो अहवाल रद्दीच्या भावात जाईल.

आता आजच्या गव्हाणला परत या. शेजारी अटल सेतूवरून वाहनं धावताहेत, टॉवर उभे राहिलेत. इथं तुमचंही काम आहे. पुण्यातला निकाल आभाळातून पडला नव्हता. चार कोळीवाड्यांनी एकजूट करून अर्ज दाखल केला, तेव्हा तज्ज्ञासमोर खाडी पोचली. म्हणून पुढच्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची नोटीस लागली की जा. अहवाल मागून घ्या, तो लिहिणाऱ्याला पैसे कुणी दिले ते विचारा, खाडीवरच्या बायकांना तिथं बोलायला लावा आणि त्यांचं बोलणं इतिवृत्तात उतरलं की नाही ते वाचून पाहा. तिऱ्हाईत साक्षीदार कितीही नेक असला, तरी त्याला चिखलापर्यंत हाताला धरून न्यावं लागतं.