पांढरा कोळसा आणि मुळशीचें खोरें

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईचें वैभव तिच्या गिरण्यांच्या धुराड्यांवरून मोजलें जात असे. कावसजी दावर यांनीं १८५४ मध्यें कापडगिरणीचा उद्योग आरंभिला; पुढील पन्नास वर्षांत परळ-लालबागचें आकाश काळवंडून गेलें. कोळसा दूर बंगालमधून व परदेशांतूनहि येई. त्याचें भाडें मालक भरीत. काजळी मात्र चाळींतील मजुरांच्या वांट्यास येई.

याच सुमारास युरोपांत एक नवा शब्द रूढ होत होता. अरिस्तीद बेर्झेस या फ्रेंच इंजिनियरनें १८८९ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत डोंगरावरून कोसळणाऱ्या पाण्याच्या शक्तीस 'पांढरा कोळसा' म्हणून प्रसिद्धीस आणलें. हा कोळसा सह्याद्रीच्या माथ्यावर दर पावसाळ्यांत फुकट पडतो, हें मुंबईचे स्थापत्यविशारद डेव्हिड गॉसलिंग यांनीं हेरलें व जमशेटजी टाटांच्या मनांत भरविलें. जमशेटजी १९०४ मध्यें वारले. परंतु त्यांच्या मागून १९१० मध्यें कंपनी स्थापन झाली. पाऊस चार महिन्यांचा आणि गिरण्या बारमाही. म्हणून लोणावळें, वळवण व शिरवतें येथें तलाव बांधून पाणी सांठविलें. तेथून तें नळांवाटे सुमारें १,७०० फूट खालीं उतरवून खोपोलीच्या चक्रांवर सोडलें. फेब्रुवारी १९१५ मध्यें गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्तें वीज सुरू झाली. धूर नाहीं, राख नाहीं, आणि चक्र फिरवून सुटलेलें पाणी पाताळगंगेस मिळालेलें! मुंबईकरांस याचें कौतुक वाटलें, तें यथार्थच होतें.

परंतु तिसरी योजना मुळशीची निघाली, तेव्हां हिशेबाची दुसरी बाजू उघडी पडली. मुळा व नीला या नद्यांचें पाणी अडवून तें कोंकणांत भिरा येथें उतरवावयाचें होतें. त्या खोऱ्यांत पन्नासच्या आसपास गांवें होतीं आणि आंबेमोहोर तांदळाचीं शेतें होतीं. सरकारनें १८९४ च्या कायद्यानें ही जमीन खाजगी कंपनीसाठीं घेण्याचें ठरविलें. मावळ्यांस कोणी विचारलें नाहीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, शेंकडों मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. बापटांस 'सेनापति' हें नांव याच लढ्यानें दिलें.

काम कांहीं काळ थांबलें, पण लढ्यांत आंतून फूट पडली. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. त्यांस मोबदला पुरेसा वाटला. कसणाऱ्या कुळांस मात्र जमिनीवांचून दुसरा आधार नव्हता. १९२४ अखेर लढा संपुष्टांत आला आणि बापटांस सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्यें भिऱ्याची वीज मुंबईस पोंचली. तिनें पेटलेल्या दिव्यांखालीं मुळशीचीं गांवें कोणाच्या दृष्टीस पडलीं नाहींत.

यावरून पाण्याची वीज वाईट, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. कोळशाच्या मानानें ती खरोखरच निर्मळ आहे, आणि शतक उलटून गेल्यावरहि हीं केंद्रें चालू आहेत. प्रश्न आहे तो किंमत कोणी द्यावी याचा. १८९४ चा कायदा रद्द होऊन पुनर्वसनाची हमी देणारा नवा कायदा अमलांत येण्यास १ जानेवारी २०१४ उजाडावा लागला. आज पाण्याची जागा सूर्य घेऊं लागला आहे. राजस्थानांत भडला येथें सूर्यशक्तीचें केंद्र हजारों एकरांवर पसरलें आहे. अशा प्रत्येक नव्या योजनेच्या वेळीं धूर किती वांचला हें जसें मोजावयाचें, तसेंच या जमिनीवर आजवर कोणाचें पोट चालत होतें, हेंहि आधीं विचारावयाचें. मुळशीस तो प्रश्न विचारला गेला, पण ऐकला गेला नाहीं.