ईयोबाची फिर्याद व पनवेलचे बेने इस्राएल

पनवेल येथील बेथ एल हें बेने इस्राएलांचें प्रार्थनामंदिर १८४९ सालचें आहे. कोंकणांत या समाजास शनवार तेली म्हणत. शनिवारीं घाणा बंद ठेवण्याच्या नेमावरून हें नांव पडलें. शनिवार, सुंता व शेमा ही प्रार्थना एवढ्या शिदोरीवर त्यांनीं कित्येक पिढ्या काढल्या. एकोणिसाव्या शतकांत कोचीनच्या यहुदी शिक्षकांनीं त्यांस बाकीचे विधि शिकविले. हा उपकार खरा. परंतु आप्तांपाशीं शिकावयाचें म्हणजे आप्तांच्या परीक्षेसही उभें राहावयाचें. १८३२ त डेव्हिड ससून मुंबईस आले. त्यांच्यासारखे बगदादी यहुदी आरंभीं यांच्याशीं मिळून असत. पुढें त्यांनीं यांच्या कुलशुद्धीविषयीं संशय घेऊन अंतर ठेविलें.

आक्षेप असा कीं, घटस्फोटाचा रब्बिनी विधि, तसेंच निपुत्रिक विधवेस दिराकडून मोकळीक देणारा हलीत्सा विधि, यांस ठाऊक नव्हता; तेव्हां पुनर्विवाहाची संतति निर्दोष कशी मानावी? आक्षेप कोणा एका विवाहावर नव्हता. साऱ्या समाजाच्या अज्ञानावरून काढलेलें तें अनुमान होतें.

बायबलांतील ईयोबाच्या मित्रांची रीत हीच. अलीफज, बिल्दद व सोफर सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, यांत त्यांचा स्नेह दिसतो. मात्र तोंड उघडल्यावर, ज्यापेक्षां दुःख आलें त्यापेक्षां पाप घडलेंच असलें पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. ईयोबाची मुख्य मागणी दयेची नव्हे. आरोप लेखी द्यावा व आपलें म्हणणें ग्रंथीं नोंदलें जावें, ही आहे. जुने कागद जमविणाऱ्या वाचकांस ती सहज पटावी.

१९४८ नंतर इस्राएलांत गेलेल्या बेने इस्राएलांवर तोच प्रसंग पुन्हां आला. १९६२ त तेथील मुख्य रब्बिमंडळानें विवाह नोंदणाऱ्यांस, यांच्या मातृकुळाची जमेल तितक्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्यास सांगितलें. चौकशीहून, ती नांव घेऊन एकट्यांचीच व्हावी, हें शल्य अधिक. समाजानें धरणें धरलें. १९६४ त तेथील लोकसभेनें, हे सर्व बाबतींत यहुदीच होत, असें ठरविलें आणि रब्बिमंडळानें आज्ञेंतून समाजाचें नांव काढलें. पण संशय आल्यास कोणाचीही चौकशी करण्याचा अधिकार ठेविला. सुनावणी झाली, निकाल अर्धाच मिळाला, असें मी म्हणेन.

एक गोष्ट लपवूं नये. याच समाजांत गोरे इस्राएल व काळे इस्राएल असे दोन वर्ग असून गोरे काळ्यांशीं बेटीव्यवहार करीत नसत. मिश्र संतति म्हणून काळ्यांस कमी लेखणें हेंही ऐकीव अनुमानच, आणि काळ्यांची फिर्याद मांडणारा ग्रंथ माझ्या पाहण्यांत नाहीं.

गोऱ्यांची बाजू मांडणारा ग्रंथ मात्र आहे. हाईम शमुवेल केहिमकर यांनीं आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजींत १८९७ त लिहून पुरा केला. तो ४० वर्षें हस्तलिखितच राहिला व १९३७ त तेल अवीव येथें छापून निघाला. तेव्हां केहिमकर हयात नव्हते.