दत्तात्रेयांचा नित्याचा फेरा आणि प्रकाशाचा वेग

पैनगंगेच्या अलीकडे स्थिरावलेल्या आमच्या जुन्या मराठी घरांत दत्तात्रेयांची दिनचर्या ठाऊक नाही असे वडीलधारे माणूस विरळाच. पहाटे काशीस गंगास्नान, मध्यान्ही कोल्हापुरी भिक्षा, रात्री माहूरगडी निद्रा. महानुभाव पंथीयांच्या सांगण्यात भोजनासाठी गोदाकाठचे पांचाळेश्वरही येते. आमची आजी हे अशा सहजपणे सांगे की जणू शेजारचे गृहस्थ बाजार करून परतले. तिला स्वतःला माहुरास जावयाचे तर छोट्या रुळांच्या गाडीने किनवट, पुढे मोटार आणि मग शिखराची चढण. देवाच्या वेगाचे तिला कधी नवल वाटले नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट तालुका, आणि त्यातील माहूरही, आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. म्हणजे त्याआधी निद्रा निजामाच्या राज्यात, स्नान इंग्रजी मुलखात आणि भिक्षा छत्रपतींच्या संस्थानात! हद्दींच्या भांडणांत नोकरी गेलेल्या माणसास याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

अंतर मोजल्याविना आम्हांस चैन पडत नाही. नकाशावर सरळ रेषा धरल्यास काशी ते कोल्हापूर सुमारे १,३०० किलोमीटर, कोल्हापूर ते माहूर ५०० हून थोडे अधिक, माहूर ते काशी सुमारे ८००. एकूण फेरा २,६०० च्या आसपास. प्रकाश सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावतो. त्यास हा फेरा पुरा करण्यास सेकंदाचा शंभरावा भागही लागणार नाही. तेव्हा दत्तात्रेयांना प्रकाशास मागे टाकण्याची गरजच नव्हती. आजच्या विमानानेही हा फेरा एका दिवसात होईल.

योगसूत्रांच्या विभूतिपादात आकाशगमन आणि मनोजवित्व, म्हणजे मनासारखी गती, या सिद्धी सांगितल्या आहेत. मात्र सिद्धी या समाधीतील विघ्ने होत, हेही तेथेच बजावले आहे, आणि हे वाक्य सोयीस्करपणे विसरले जाते. पुराणांतला ककुद्मी राजा कन्या रेवतीसह ब्रह्मलोकी जातो, थोडा वेळ थांबतो, आणि परततो तो पृथ्वीवर युगे लोटलेली. सापेक्षतावादाविषयी थोडेफार वाचलेला मनुष्य येथे चमकतो, आणि पाय घसरतो तोही येथेच. कथेत काळ लोटतो तो ब्रह्मलोकीच्या कालगणनेने, वेगाने नव्हे.

वेगाचा खरा इतिहास निराळा आहे. आइनस्टाइन यांनी १९०५ साली घातलेली मर्यादा अशी की, वस्तुमान असलेल्या पदार्थास प्रकाशाचा वेग गाठता येत नाही. १९६२ साली बिलानिक, देशपांडे आणि केरळचे जॉर्ज सुदर्शन यांनी प्रश्न उलटा केला : जन्मतःच प्रकाशाहून वेगवान असलेले कण का नसावेत? त्यांना मर्यादा ओलांडावी लागतच नाही. (तीन नावांत एक देशपांडे पाहून आमच्या मंडळींना हर्ष होईलच.) १९६७ साली फाइनबर्ग यांनी या कणांस ‘टॅकिऑन’ हे नाव दिले. १९७६ साली जयंत नारळीकर आणि सुदर्शन यांनी टॅकिऑन व विश्वरचना यांवर शोधनिबंध लिहिला. गणित उभे राहिले, कण मात्र आजवर सापडला नाही. २०११ साली युरोपात न्यूट्रिनो प्रकाशाहून लवकर पोहोचल्याची वार्ता उठली. अखेर दोष एका सैल जोडलेल्या तारेचा निघाला.

याच नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. परीक्षकांवर कीर्तीचे दडपण नको, हा हेतू. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. कल्पना कल्पना म्हणूनच मांडणे आणि शोधनिबंधात पुरावा मागणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. २०२५ साली ते गेले, आणि हा विवेक मराठीत पुढे कोण जपणार याची आम्हांस चिंता वाटली.

चिंता घरातलीही आहे. आमचा नातू इंग्रजी शाळेत शिकतो, मित्रांशी तेलुगूत बोलतो. मराठी त्याच्यापाशी सणावारापुरती उरली आहे. दत्तात्रेयांचे यान प्रकाशाहून वेगवान होते, असे त्याने कुठेसे ऐकले आणि खरे काय ते विचारले. आम्ही त्यास वरचा हिशेब कागदावर मांडून दाखविला. यान कोठेच नाही, कथेत तर पायी खडावा आणि हाती झोळी आहे, असे सांगितले. तो हिरमुसेल असे वाटले होते.

त्याने कागद बराच वेळ पाहिला आणि विचारले, “आजोबा, एका दिवसात काशीला जाऊन येतो, तर मग तो भीक कशाला मागतो?”

आजीपाशी याचे उत्तर असते. आम्ही त्यास येत्या दत्तजयंतीस माहुरास नेण्याचे कबूल केले आहे.