शनिवारी घाणा बंद असतो

साल १८३३, पौषातली पहाट. मुंबईहून निघालेला मचवा धरमतरच्या खाडीत शिरलाय. भरती आहे तोवर पेणजवळच्या अंतोऱ्याच्या बंदराला लागायला हवं, नाहीतर मचवा चिखलात रुतेल, म्हणून तांडेल घाईत आहे. दोन्ही काठांना तिवरांची झाडी, तिच्यामागे खारबांध, बांधाआड कापणी झालेली भातखाचरं आणि मिठागरांचे चौकोन. तुम्ही चोवीस वर्षांचे आहात. मॅसॅच्युसेट्समधलं घर सोडलंत तेव्हा आईवडील पुन्हा भेटतील असं कुणीच म्हणालं नाही.

तुम्ही अमेरिकन मराठी मिशनचे नवे मिशनरी. मुंबईत मराठी शिकून झाल्यावरचा हा पहिला दौरा. बरोबर मराठी शिकवणारे शास्त्री आहेत आणि ओझ्याला दोन हमाल. एका पेटाऱ्यात दोन वर्षांपूर्वी निघालेला मोल्सवर्थचा जाडजूड शब्दकोश, मिशनच्या छापखान्यातला मराठी नवा करार आणि वाटायची पत्रकं. तळाशी तुमचं हिब्रू बायबल आणि स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सननी गेल्याच वर्षी, १८३२ मध्ये, मराठीतून काढलेलं हिब्रू व्याकरण. हे व्याकरण मुंबईतल्या थोरल्या मिशनऱ्यांनी मुद्दाम दिलंय. पेणला कुणासाठी लागेल, ते तिथे कळेलच, म्हणाले.

तुमच्या देशात सध्या गावोगाव धर्मजागृतीची लाट आहे. याच लाटेत १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथनं मॉर्मन पंथ स्थापला. त्या पंथाचा ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत आणि पुढे पुण्यात येईल. पंथ वेगळा, पण तरुण माणसाला सातासमुद्रापार ढकलणारी ओढ तीच.

आणि भीतीही तीच. तुमच्या आधी आलेले किती जण इथल्या मातीत आहेत! सॅम्युएल न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत पटकीनं गेले. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये आले, कंपनी सरकारनं परत पाठवायचा घाट घातला तरी टिकले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनंच गेले. स्कॉटिश मिशनचे डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये आले आणि त्याच वर्षी पोलादपूरला वारले. पाणी पिताना प्रत्येक वेळी ही नावं तुम्हाला आठवतात.

पेणच्या बाजारात तुम्ही पिंपळाच्या पारावर उभे राहता. पाठ केलेलं पहिलं वाक्य नीट निघतं, तिसऱ्या वाक्याला जीभ अडखळते. पोरं हसतात. एक आगरी शेतकरी पुढे येऊन काळजीनं विचारतो, "साहेब, सारा वाढवाया आलाव का?" तुम्ही नाही म्हणता, त्याला ते पटत नाही. गोरा माणूस कामाशिवाय खारेपाटात कशाला येईल? मग एक भटजी शांतपणे प्रश्न टाकतात. मुंबईत मोरभट्ट दांडेकर आणि विल्सन यांचा वाद झाला, तो १८३१ मध्ये छापूनही निघाला. तो वाचून आलेत ते. तुमची उत्तरं पुस्तकातली, त्यांचे प्रश्न रोजच्या जगण्यातले. संध्याकाळी पत्रकं संपलेली असतात, पण ऐकून घेतलं असं कुणाच्या चेहऱ्यावर दिसलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. गावातून फिरताना एका आळीत तुम्हाला घाणे उभे दिसतात, बैल गोठ्यात. शास्त्री म्हणतात, "हे शनवार तेली. आज काम करत नाहीत." ओसरीवरचे म्हातारे मुकादम तुम्हाला बसायला सांगतात. डोईला पागोटं, बोली अस्सल कुलाब्याची. पूर्वजांचं तारू नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांची ही प्रजा. स्वतःला ते बेने इस्राएल म्हणवतात. ग्रंथ समुद्रात गेले. उरला शब्बाथ, मुलांची सुंता, खवल्यांच्याच माशांचा नेम आणि एक प्रार्थना. ती ते म्हणून दाखवतात.

तुमच्या अंगावर काटा येतो. ती शेमा आहे, यहुद्यांची मूळ प्रार्थना. धर्मशास्त्राच्या विद्यालयात तुम्ही हिब्रू शिकलात तेव्हा याच ओळी फळ्यावर होत्या. तुम्ही पेटारा उघडता, हिब्रू बायबल काढता आणि त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायावर बोट ठेवून त्याच ओळी वाचता. ओसरीवर माणसं जमतात. जे आजवर तोंडी होतं ते कागदावर आहे, हे पाहायला बायकाही दाराशी येतात. मुकादम विचारतात, "हे वाचायला आमच्या पोरांना कोण शिकवील?"

पुढचे दोन दिवस तुम्ही चालता आहात. नागोठण्याला अंबा नदीवरचा जुना दगडी पूल ओलांडून, टेकड्यांच्या कडेनं, वालाच्या शेतांतून रोह्याला. कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमी, तिथेही बेने इस्राएलांची घरं. एका घरी नवस फेडायचाय. ताटात पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळं यांचा मलिदा, एलियाहू हन्नाबींच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, नावानं. तुम्हालाही वाढतात. इथेही आईबापांचं मागणं पेणसारखंच, शाळा हवी. बाप्तिस्म्याचं विचारलंत तर ते नम्रपणे, पण ठाम नकार देतात. येशूविषयी ऐकून घेतील, मोशे मात्र सोडणार नाहीत.

रात्री दिव्याशी बसून तुम्ही अमेरिकेला अहवाल लिहिता. बाप्तिस्म्याच्या जागी लिहायला काही नाही. ज्यांनी वर्गणी काढून तुम्हाला पाठवलं त्यांना हे कसं वाटेल, या विचारानं मन खचतं. आता इथून पुढे बघा, कारण त्या तरुणाला जे दिसणं शक्य नव्हतं ते तुम्हाला दिसू शकतं.

मिशनच्या शाळांतून बेने इस्राएलांची मुलं शिकली. कोचीनहून आलेल्या यहुदी गुरूंनी त्यांना धर्माचार शिकवले. या दोन्हींतून एक वाचणारी पिढी उभी राहिली. ख्रिस्ती फारच थोडे झाले, सगळी जमात मात्र अधिक पक्की यहुदी झाली. अलिबागला १८४८ मध्ये, पनवेलला १८४९ मध्ये, पेणला १८६३ मध्ये सिनेगॉग उभं राहिलं, पुढे अष्टमीतही. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत जमातीची स्वतःची शाळा काढली आणि जमातीचा इतिहास लिहिला. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, पण पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावं घेऊन.

त्या तरुणाचा हेतू फसला, हे खरं आहे. एखाद्याचा धर्म बदलावा या इच्छेनं त्याच्या दारी जाणं मला आजही पटत नाही. पण पटकीच्या छायेत कोकण तुडवणाऱ्या त्या मुलाबद्दल मनात आदर आहे, कारण मागितलं ते त्यानं दिलं. शाळा हवी म्हणाले, त्यानं शाळेसाठी धडपड केली. हिब्रू हवी म्हणाले, त्यानं पेटाऱ्यातलं व्याकरण काढून दिलं. द्यायचं काय ते देणारा ठरवून येतो, त्याचं करायचं काय ते घेणारा ठरवतो. हा हक्क बेने इस्राएलांनी शांतपणे बजावला. आज आदिवासी वाडीवर शिकवायला जाणाऱ्या, समाजसेवेची पहिली वर्षं कुठल्याही झेंड्याखाली काढणाऱ्या तरुणानं एवढं ओळखलं, तर अहवालातल्या रिकाम्या जागेनं खचायचं त्याला कारण उरणार नाही.