वऱ्हाडी वाणी आणि ध्वनिमुद्रण : गुण व मर्यादा

बोलीचा इतिहास लिहिणाऱ्यास एका मूलभूत अडचणीस तोंड द्यावे लागते. बोली उच्चारात जगते, आणि इतिहासाची साधने बहुधा लेखी असतात. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीचा परामर्श घेतलेला आहे. परंतु बायबलातील उधळ्या पुत्राची कथा स्थानिक बोलीत उतरवून घ्यावयाची, ही त्या सर्वेक्षणाची मुख्य पद्धती होती. अशा नमुन्यात शब्दरूपे मिळतात. कोण, कोणाशी आणि कशासाठी बोलत आहे, हे मिळत नाही. ध्वनिमुद्रणाने ही उणीव भरून काढली, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे, याचा विचार येथे दोन ध्वनिमुद्रणांच्या आधारे केला आहे. पहिले १९५६ सालचे गाडगेबाबांचे कीर्तन; दुसरे ‘स्वदेशी’ या मुंबईच्या रॅप-समूहाचा २०२० सालचा ‘चेतावनी’ हा गीतसंग्रह. या समूहातील एक गायक, सौरभ अभ्यंकर, अमरावतीचा आहे. कीर्तन आणि रॅप यांची जोडी वरवर विजोड भासेल. परंतु तालावर बोलणे आणि त्या बोलण्याने समाजास जागे करणे, हा दोहोंचा समान धर्म आहे.

बोललेला शब्द जतन करण्याची खटपट वऱ्हाडात नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर हे महानुभाव पंथाचे एक प्रमुख स्थान. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांची वचने आणि प्रसंग म्हाइंभटांनी लोकांस विचारून गोळा केले आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. त्या संवादांचा जिवंतपणा आजही जाणवतो. तरी चक्रधरांचा स्वर कसा होता, ते कोठे थांबत, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

गाडगेबाबांच्या बाबतीत तसे झाले नाही. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. बालपण अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास मामाच्या घरी, गुरे राखण्यात गेले. १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि पुढील अर्धशतक हाती खराटा घेऊन ते गावोगाव फिरले. कर्ज काढून केलेले लग्न, दारू, पशुहत्या, अस्पृश्यता आणि मुलांस शाळेत न घालणे, हे त्यांच्या कीर्तनाचे विषय. कीर्तनसंस्थेतील पूर्वरंग-उत्तररंगाची बांधणी त्यांनी मानली नाही. प्रश्न विचारावा, उत्तर श्रोत्यांकडून वदवून घ्यावे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढावा, आणि युक्तिवाद टोकास गेला की नामाच्या गजराने तो सोडवावा, ही त्यांची रीत होती.

या रीतीचा ध्वनिरूप पुरावा म्हणजे ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे झालेले कीर्तन. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले होते. आणि पुढे सहा आठवड्यांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीनजीक वलगाव येथे बाबांचे देहावसान झाले. या ध्वनिमुद्रणाचा पहिला गुण म्हणजे त्यातील काळ. प्रश्न आणि उत्तर यांमधील क्षणभराची स्तब्धता, एकाच शब्दाची वाढत्या वेगाने केलेली पुनरावृत्ती, बोलण्यातून गजरात आणि गजरातून पुन्हा बोलण्यात होणारे संक्रमण, हे छापील पाठात येऊच शकत नाही. दुसरा गुण असा की, श्रोते त्यात उपस्थित आहेत. त्यांचा होकार आणि नकार हा कीर्तनाचा अर्धा मजकूर आहे. तो वगळला तर उरते ते प्रवचन.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. वऱ्हाडीत ‘डोळा’चा उच्चार ‘डोया’ आणि ‘गाडी’चा ‘गाळी’ असा होतो. म्हणजे ळ-काराच्या जागी य-कार येतो, आणि मोकळी झालेली ळ-काराची जागा ड-कार घेतो. ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘कोण’ऐवजी ‘कोन’, ‘का’ऐवजी ‘काहून’ ही रूपेही सुपरिचित आहेत. परंतु वक्ता ती कोणासमोर निःसंकोच वापरतो आणि कोणासमोर आवरतो, हे एकाच नमुन्यावरून ठरविता येत नाही. येथे वक्ता ऐंशी वर्षांचा, महाराष्ट्रभर भटकलेला, आणि श्रोते मुंबईचे आहेत. ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णाकाठी जमलेल्या आपल्या माणसांशी तरुण डेबूजी कसे बोलत असतील, याचे उत्तर या ध्वनिमुद्रणात नाही. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. बाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. झाडलेला रस्ता हा त्या वाणीचा आधार होता. ज्याने हा माणूस राबताना पाहिला, तोच रात्री त्याच्या प्रश्नास उत्तर देई. यंत्राने वाणी घेतली, खराटा घेतला नाही.

‘चेतावनी’ची स्थिती नेमकी उलट आहे. १९७०नंतर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जी हिप-हॉप कला उदयास आली, तीही आरंभी मोहल्ल्यातील मेळाव्यांची, समोरासमोरची कला होती. ध्वनिमुद्रिका मागाहून आल्या. ‘स्वदेशी’च्या संग्रहात मात्र ध्वनिमुद्रण हेच मूळ रूप आहे. मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषा बोलणारे कलावंत एका तालावर एकत्र येतात, हे त्याचे बळ. मुंबईचे बहुभाषिकत्व येथे वर्णनाचा विषय न राहता रचनेचे तत्त्व बनते. शब्द कलावंताने स्वतः निश्चित केलेले असल्यामुळे पाठभेदाचा प्रश्न उरत नाही. उणीव आहे ती प्रत्युत्तराची. ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत कोणी ‘नाही’ म्हणत नाही. प्रश्न केला तरी उत्तर कवीसच द्यावे लागते, आणि इशाऱ्याचे घोषणेत रूपांतर होण्याचा धोका राहतो. शिवाय जो भाषाभेद संग्रहाचे वैभव आहे, तोच एकभाषिक श्रोत्यास काही कडव्यांपुरता बाहेर ठेवतो. अर्थात प्रत्यक्ष प्रयोगात ही उणीव भरून निघू शकते. म्हणून अशा समूहांचा अभ्यास केवळ संग्रहावरून करणे अपुरे ठरेल.

तात्पर्य, पहिल्या ध्वनिमुद्रणात एका प्रसंगाचा अंश सापडतो. दुसऱ्यात एक सिद्ध कृती सापडते. पहिल्यास कृती समजून त्याची भाषा ‘गाडगेबाबांची वऱ्हाडी’ म्हणून नोंदविणे जितके चुकीचे, तितकेच दुसऱ्यास प्रसंग समजून त्यावरून अमरावतीच्या तरुणांची बोली ठरविणे चुकीचे. अमरावती-अकोल्याच्या परिसरात भजनाच्या बैठका, यात्रा आणि कविसंमेलने आजही भरतात. त्यांचे ध्वनिमुद्रण करताना वक्त्याच्या आवाजाबरोबर श्रोत्यांचा आवाज, स्थळ, वेळ आणि त्या दिवशी तेथे झालेले काम यांची नोंद ठेवली, तरच पुढील अभ्यासकास वऱ्हाडी बोलीबरोबर ती बोलणारा समाजही हाती लागेल.