सर्वोच्च न्यायालयाचे वर्ष : तारीख, सुट्टी आणि प्रवेशपास

नवी दिल्लीतील टिळक मार्गावरील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांचे पडसाद गोव्यात वारंवार उमटले आहेत. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी खाणकामाला मिळालेली स्थगिती आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झालेले ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण ही त्याची ठळक उदाहरणे. म्हादई जलतंटा लवादाच्या २०१८ च्या निवाड्यावरील वादही तेथेच पोहोचला. बेळगावसह सीमाभागाविषयी महाराष्ट्राने २००४ साली मूळ दावा दाखल केला, तोही याच न्यायालयात. न्यायालयाच्या कामकाजाचे वेळापत्रक माहीत नसेल, तर सामान्य पक्षकाराची दिल्लीवारी वाया जाते आणि प्रसंगी अपिलाची मुदतही हातची जाते.

दोन सत्रांचे वर्ष

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायिक वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नियमांनुसार वर्षात दोन सत्रे असतात. पहिले सत्र उन्हाळी खंडानंतर, साधारणतः जुलैच्या मध्यास सुरू होते आणि डिसेंबरमधील नाताळच्या सुट्टीपर्यंत चालते. दुसरे सत्र नववर्षाच्या सुट्टीनंतर सुरू होऊन मे महिन्याच्या उत्तरार्धात संपते. दसरा, दिवाळी आणि होळी यांच्या सुमारासही कामकाजास खंड पडतो.

उन्हाळी खंडाचे स्वरूप अलीकडे बदलले आहे. २०१३ च्या नियमांनी उन्हाळी सुट्टीला सात आठवड्यांची, तर वर्षातील एकूण सुट्ट्यांना १०३ दिवसांची मर्यादा घातली होती. नोव्हेंबर २०२४ मधील दुरुस्तीने ‘उन्हाळी सुट्टी’ हा शब्दप्रयोगच वगळला. आता या काळास ‘आंशिक न्यायालयीन कामकाजाचे दिवस’ म्हणतात. हे दिवस आणि सुट्ट्या मिळून रविवार वगळता ९५ दिवसांपेक्षा अधिक होऊ नयेत, असे बंधन आहे. नेमक्या तारखा सरन्यायाधीश ठरवतात व त्या राजपत्रात प्रसिद्ध होतात. २०२५ मध्ये हा काळ २६ मे ते १३ जुलै असा होता.

नाव बदलले तरी पूर्ण क्षमतेने कामकाज चालते, असे नव्हे. या काळात मोजकीच खंडपीठे बसतात आणि जामीन, स्थगिती यांसारख्या तातडीच्या प्रकरणांना प्राधान्य मिळते. जुन्या दिवाणी अपिलाची अंतिम सुनावणी जूनमध्ये होईल, अशी अपेक्षा ठेवणे व्यवहार्य नाही.

दिल्लीच्या सुट्ट्या गोव्याच्या सुट्ट्यांशी जुळतातच असे नाही. ३ डिसेंबरच्या सेंट झेवियर फेस्ताची सुट्टी ही गोव्याची आहे. प्रवासाची तिकिटे काढण्यापूर्वी न्यायालयाच्या संकेतस्थळावरील वार्षिक दिनदर्शिका पाहणे इष्ट.

आठवडा आणि दिवस

न्यायालय सकाळी साडेदहाला बसते. दुपारी एक ते दोन मध्यंतर असते आणि कामकाज चार वाजेपर्यंत चालते. सोमवार व शुक्रवार हे परंपरेने किरकोळ कामकाजाचे दिवस आहेत. नव्याने दाखल झालेल्या याचिका प्रामुख्याने त्या दिवशी पुकारल्या जातात. यादी मोठी असल्याने अनेक प्रकरणांना जेमतेम काही मिनिटे मिळतात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत नियमित सुनावणी आणि सविस्तर युक्तिवाद होतात. मधल्या दिवसांची वाटणी परिपत्रकाने वेळोवेळी बदलते.

प्रकरण कोणत्या न्यायकक्षात, कोणत्या क्रमांकावर आहे, हे ‘कॉज लिस्ट’मध्ये कळते. मुख्य यादीनंतर पुरवणी यादीही निघते. संगणकावर दिसणारी संभाव्य तारीख ही सुनावणीची हमी नसते. अंतिम यादीत नाव आल्याची खात्री वकिलाकडून करून घ्यावी आणि मगच निघावे.

मुदत मोजताना

उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध विशेष अनुमती याचिका निकालापासून ९० दिवसांत दाखल करावी लागते. उच्च न्यायालयाने अपिलासाठी योग्यता प्रमाणपत्र नाकारले असल्यास त्या आदेशापासून ६० दिवस मिळतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ५ मार्चला निकाल दिला, तर ९० दिवस ३ जूनला, म्हणजे ऐन उन्हाळी खंडात भरतात. खंडपीठे कमी असली तरी निबंधक कार्यालय सुरू असते. त्यामुळे ‘कोर्ट उघडल्यावर पाहू’ हा विचार महागात पडू शकतो. विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. मात्र विलंबाचे पुरेसे कारण द्यावे लागते आणि माफी हा हक्क नव्हे.

याचिका केवळ ‘अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड’ म्हणून नोंदलेल्या वकिलामार्फत किंवा स्वतः पक्षकाराला दाखल करता येते. पात्र व्यक्तींना सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

भेट देताना

दिल्ली मेट्रोच्या निळ्या मार्गावर ‘सुप्रीम कोर्ट’ हे स्थानक आहे. न्यायकक्षांच्या परिसरात पासाशिवाय प्रवेश नाही. हा पास ऑगस्ट २०२३ पासून ‘सुस्वागतम्’ या संकेतस्थळावरून मिळवता येतो. त्यासाठी ओळखपत्र, छायाचित्र आणि भेटीचे कारण द्यावे लागते. अतिसुरक्षा क्षेत्रात छायाचित्रे वा रील काढण्यास मनाई आहे.

केवळ वास्तू पाहू इच्छिणाऱ्यांसाठी २०१८ पासून मार्गदर्शकासह सहल उपलब्ध आहे. तिची नोंदणी आगाऊ, ऑनलाइन करावी लागते. २८ जानेवारी १९५० रोजी न्यायालयाची उद्घाटनाची बैठक संसद भवनातील नरेंद्र मंडळाच्या दालनात झाली होती. सध्याची वास्तू १९५८ मध्ये वापरात आली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे पहिले भारतीय प्रमुख गणेश भिकाजी देवळालीकर हे तिचे वास्तुरचनाकार. न्यायाच्या तराजूची कल्पना तिच्या आराखड्यात आहे : मधल्या भागात सरन्यायाधीशांचा कक्ष आणि दोन बाजूंना पारड्यांसारखे भाग. आवारात चिंतामणी कर यांचे माता-बालकाचे कांस्यशिल्प आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे.

दिल्लीला न जाता

घटनापीठांच्या सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट प्रक्षेपित होतात. अनेक निकालांचे मराठी अनुवादही संकेतस्थळावर आहेत. कामकाजाची आणि निकालाची अधिकृत भाषा मात्र इंग्रजीच असल्याने अपिलासाठी अनुवादावर विसंबू नये. निकालाची प्रमाणित प्रत तातडीने मागवावी. ती मिळण्यास लागलेला आवश्यक काळ मुदतीच्या गणनेतून वगळला जातो. म्हणून प्रतीसाठी अर्ज केल्याची आणि प्रत मिळाल्याची तारीख जपून ठेवावी.