जुन्या भिंगाचे मोल

कॅमेऱ्याचे भिंग विकत घ्यावयास निघालेल्या मनुष्यापुढे बाजारात आज तीन वाटा असतात. पहिली, कारखान्यातून आलेल्या कोऱ्या भिंगाची. दुसरी, कुणीतरी वापरून काढून टाकलेल्या आणि आहे त्या स्थितीत विकावयास ठेवलेल्या भिंगाची. तिसऱ्या वाटेवरचे भिंगही वापरलेलेच, पण मध्यंतरी कुणाच्या तरी हाताखालून गेलेले, तपासून, पुसून, जरूर तेथे उघडून पुन्हा जुळविलेले; दुकानदार ज्याला ‘रिफर्बिश्ड’ म्हणतात ते. पहिल्या वाटेविषयी मला काही सांगावयाचे नाही. ज्याची थैली जड, त्याने तिने खुशाल जावे. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवरच्या मालात जो किमतीचा फरक पडतो, तो आपण नेमका कशाबद्दल मोजतो? या प्रश्नाचे उत्तर दुकानातील किंमतपत्रकापेक्षा भिंगांच्या इतिहासात अधिक चांगले सापडते, आणि तो इतिहास मोठा मनोरंजकही आहे.

डागेरच्या छायाचित्रणविद्येची कृती पॅरिस येथे १८३९ सालच्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली. त्या वेळची भिंगे इतकी मंद होती, की माणसाचे चित्र घ्यावयाचे तर त्याला कित्येक मिनिटे पुतळ्यासारखे बसवावे लागे. ही अडचण सोडविली ती व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्झवाल यांनी. तोफखान्यातील आकडेमोडीत तरबेज असलेले सैनिक त्यांच्या मदतीस देण्यात आले होते. १८४० साली त्यांनी चार काचांच्या एका भिंगाचे गणित पुरे केले. ते भिंग जुन्या भिंगाच्या पंधरा-वीस पट प्रकाश आत घेई. ते प्रत्यक्ष घडविले फोइग्टलेंडर या भिंगकाराने. आणि पेत्झवाल यांच्या पदरात पडले काय, तर एकदाच दिलेले दोन हजार गुल्डेन! पुढे भिंगे खपत राहिली आणि दोघांचे बिनसले. १८४९ साली फोइग्टलेंडरने आपला कारखाना जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे नेला. भिंगाच्या वाजवी किमतीविषयीचे पहिले भांडण असे गिऱ्हाइकाचे नव्हे, तर खुद्द कर्त्याचे होते.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या भिंगाचे पोट. पुढच्या दोन काचा एकमेकींस चिकटविलेल्या. मागच्या दोन मात्र सुट्या, मध्ये कडे घालून थोड्या अंतरावर बसविलेल्या. सुट्या म्हटल्या की त्या पुसावयास काढता येतात, आणि काढलेली वस्तू उलटी बसविण्याची सोय परमेश्वराने प्रत्येक हाताला दिलेली आहे. पेत्झवाल धर्तीचे एखादे जुने भिंग आज कुणाच्या कपाटातून निघते. पितळ झळझळीत, काच आरशासारखी, आणि चित्र मात्र धुरकट. काचेत दोष काहीच नसतो. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा मदतनिसाने मागच्या दोन काचा धुऊन पुसून परत घालताना एक फिरविलेली असते, एवढेच. लंडनच्या डॉलमायरने १८६६ साली या भिंगाची सुधारलेली आवृत्ती काढली. तिच्यात मागची नळी मळसूत्रावर थोडी सैल केली, की चित्रास मुद्दाम मऊपणा आणता येई. स्त्रियांच्या तसबिरींसाठी ही सोय होती. तीच नळी नकळत सैल राहिली आणि भिंग तसेच दुसऱ्याच्या हाती गेले, तर घेणारा कपाळाला हात लावून बसतो. ज्याला ही गोष्ट ठाऊक आहे तो तेच भिंग स्वस्तात घेतो, बोटाने दोन आटे फिरवितो आणि घरी जातो. पुसलेले भिंग आणि जुळविलेले भिंग या दोन वस्तू भिन्न आहेत, हे यावरून दिसते. तिसऱ्या वाटेवरचे दुकानदार पुष्कळदा पहिलीचे काम करून दुसरीची किंमत लावतात.

आता नावाचे मोल पाहू. १८८४ साली येना गावी ओटो शॉट, एर्न्स्ट आबे आणि कार्ल झाइस यांनी नवी काचभट्टी उभारली. तेथील नव्या जातींच्या काचेमुळे पूर्वी अशक्य वाटणारी भिंगे शक्य झाली. झाइसच्या कारखान्यातील पाउल रुडॉल्फ यांनी १९०२ साली टेसार नावाचे चार काचांचे भिंग योजिले. झाइसने आपल्या भिंगांचे परवाने इतरांसही दिले: लंडनचा रॉस, पॅरिसचा क्राउस, अमेरिकेतील बॉश अँड लाँब. पुढे श्नायडरचे क्सेनार, फोइग्टलेंडरचे स्कोपार, रशियाचे इंडुस्टार ही सारी त्याच धर्तीची पोरे. पाककृती एक, स्वयंपाकघरे निरनिराळी. अशा वेळी केवळ कड्यावर कोरलेल्या अक्षरांसाठी दुप्पट दाम मोजणे हा संग्राहकांचा छंद आहे. चित्रे काढू इच्छिणाराने त्यांच्या पंगतीस बसण्याचे कारण नाही.

शिवाय अक्षरे कोरता येतात. खारकोव्ह येथील अनाथ मुलांच्या वसाहतीत १९३४ पासून ‘फेड’ नावाचे कॅमेरे होऊ लागले. ते जर्मनीच्या लायकाची उघड नक्कल होते. पुढे हेच कॅमेरे खरवडून, त्यांवर लायकाचे नाव आणि भिंगावर लाइट्झच्या एल्मारचे नाव घालून विकण्याचा एक धंदाच सुरू झाला. ही लबाडी ओळखण्याची खूण फार सुंदर आहे. प्रकाश कमीजास्त करणारी पात्यांची झडप खऱ्या एल्मारमध्ये पहिल्या काचेच्या लगेच मागे असते. रशियन इंडुस्टारमध्ये ती दुसऱ्या काचेच्या मागे, म्हणजे अधिक खोल असते. कोरक्याने नाव बदलले, मुलामा बदलला, झडपेची जागा मात्र त्याला बदलता आली नाही. गंमत अशी, की ते इंडुस्टारही चित्र बरे काढते. इंडुस्टार म्हणून त्याची जी किंमत, ती दिली तर सौदा वाईट नाही.

वय वाढले की माल उतरतो, हा व्यवहारातील सर्वसाधारण समज. भिंगाच्या बाबतीत तो कसा फसतो हे यॉर्क येथील कुक कारखान्याचे हॅरल्ड डेनिस टेलर यांनी प्रथम नीट पाहिले. तीन काचांचे प्रसिद्ध ‘कुक ट्रिप्लेट’ १८९३ सालचे, ते त्यांचेच. काही जुन्या भिंगांच्या काचेवर हवेने निळसर-जांभळी झाक चढलेली असे. मालक ती पाहून हळहळत, आणि दुकानदार तेवढ्यासाठी किंमत पाडून मागत. टेलर यांना आढळून आले, की अशी झाकाळलेली काच स्वच्छ काचेपेक्षा जास्त प्रकाश आत सोडते! कोऱ्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शेकडा चार-पाच भाग प्रकाश परत फिरतो. टेसारसारख्या भिंगात हवेशी भिडणारी सहा पृष्ठे, तेव्हा जवळजवळ चौथा हिस्सा प्रकाश वाटेतच गळतो. वयाने चढलेली ती पातळ साय नेमकी ही गळती थांबवीत होती. टेलर यांनी अशी झाक कृत्रिम रीतीने आणण्याचे पेटंट १९०४ मध्ये घेतले. पण ती रीत भरवशाची ठरली नाही. निर्वात पेटीत काचेवर पातळ लेप चढविण्याची खात्रीची रीत झाइसच्या ॲलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढली. ती सैन्याच्या उपयोगी पडली, आणि महायुद्ध संपल्यावर सर्वांच्या.

युद्धानंतरच्या त्या वर्षांत पुष्कळांनी आपली युद्धपूर्व भिंगे कारखान्यांकडे पाठवून त्यांवर नवा लेप चढवून घेतला. आज आपण ज्याला नूतनीकरण म्हणतो, त्याचे हे फार प्रामाणिक रूप होते. भिंग खरोखरच पूर्वीपेक्षा चांगले होऊन परत येई, आणि काम कुणी केले हेही ठाऊक असे. त्याच काळात त्याचे अप्रामाणिक भावंडही होते: ओरखडे घालविण्यासाठी पुढची काच घासून चकचकीत करणे. काचेची वक्रता मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही सूक्ष्म मापाने साधलेली असते. साध्या हाताने ती घासली, की ओरखडा जातो आणि त्याबरोबर भिंगाची तीक्ष्णताही जाते. एक-दोन बारीक ओरखड्यांनी चित्राचे फारसे बिघडत नाही. तेव्हा ओरखडे असलेले वापरलेले भिंग आणि चकाकणारे ‘नवे केलेले’ भिंग यांत मी तरी पहिल्याकडे हात करीन.

कधी कधी मात्र दोष भयंकर दिसतो आणि उपाय फुकट असतो. दुसऱ्या महायुद्धात विमानांतून छायाचित्रे घेण्यासाठी कोडॅकने एरो-एक्टार नावाचे भिंग केले. त्याच्या काचेत थोरियम हे किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेले होते. युद्ध संपल्यावर ही भिंगे लष्करी मोडीच्या भावाने विकली गेली. पुढे वर्षानुवर्षांच्या किरणांनी त्यांची काच चहासारखी पिवळट होऊ लागली. १९६०च्या दशकातील पेंटॅक्सच्या काही टाकुमार भिंगांचीही हीच कथा. पिवळे पडले म्हणून ते टाकाऊ समजावे, तर तसे नाही. जंबुपार किरणांखाली, किंवा साध्या उन्हातही, काही दिवस वा काही आठवडे ठेवले की पिवळेपणा पुष्कळसा उतरतो. हे ज्याला माहीत नाही तो ते भिंग कवडीमोलाने विकतो. ज्याला माहीत आहे तो ते उन्हात ठेवून ‘पूर्ण दुरुस्त’ म्हणून दामदुपटीने विकतो.

२००८ नंतर आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे निघाले. त्यांच्या अंगाची जाडी कमी असल्याने मध्ये एक साधे कडे घालून जवळपास कोणतेही जुने भिंग त्यांवर बसविता येते. कपाटात पडून राहिलेल्या भिंगांना एकाएकी गिऱ्हाईक मिळाले आणि भाव चढले. चढत्या भावाबरोबर पुसणारे, घासणारे आणि कोरणारे हातही वाढले, हे ओघानेच आले.

मग वाजवी किंमत ठरवावी कशी? विकणारे जे मागतात तो भाव नव्हे. माल ज्या किमतीस खरोखर विकला गेला, तो भाव. समजा, कोऱ्या भिंगास शंभर रुपये पडतात आणि तेच वापरलेले साठास सुटते. चांगला कारागीर ते उघडून साफ करून जुळविण्याचे पंधरा घेतो. म्हणजे आपण स्वतः उठाठेव केली तर पंचाहत्तर झाले. आता दुकानदार तेच दुरुस्त करून ऐंशीस देत असेल आणि वर्षभर जबाबदारी घेत असेल, तर वरचे पाच रुपये हे त्याच्या जबाबदारीचे मोल होय, आणि ते स्वस्त आहे. तोच मनुष्य नव्वद मागून हमीचा विषय निघताच छताकडे पाहू लागला, तर वरचे पंधरा रुपये फडक्याने पुसण्याचे आहेत असे खुशाल समजावे. स्वतः निर्माता कारखाना जेव्हा परत आलेली भिंगे तपासून विकतो, तेव्हा त्याच्याजवळ मोजण्याची यंत्रे आणि मूळचे सुटे भाग असतात. गल्लीतल्या दुकानाजवळ ते असतीलच असे नाही. दोघांच्या पेटीवर शब्द मात्र एकच छापलेला असतो.

आपल्या मुंबईत तर आणखी एक हिशेब मांडावा लागतो. छायाचित्रणाची संस्था येथे १८५४ सालीच स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी. म्हणजे पितळी भिंगे आणि मुंबईचा पावसाळा यांची ओळख तेवढीच जुनी. चार महिन्यांच्या दमट हवेत काचेच्या आतल्या अंगास कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती लवकर निपटली तर पुसून जाते. मुक्काम लांबला तर तिच्या आम्लाने लेप आणि काच दोन्ही खाल्ली जातात. साफ केल्यावर बुरशी जाते, पण तिच्या वाटा राहतात. फोर्टातील बोरा बाजारात किंवा चोर बाजारात उभे राहून पाहिले, तर पुढून असे भिंग अगदी निर्मळ दिसेल. म्हणून झडप पूर्ण उघडून मागच्या बाजूने विजेरीचा झोत सोडावा आणि तिरक्या नजरेने आत पाहावे. मग दुकानातल्या दिव्याची प्रतिबिंबे काचेत मोजावी. लेप शाबूत असलेल्या पृष्ठावरचे प्रतिबिंब निळे, जांभळे किंवा पिवळसर दिसते. त्यांच्या ओळीत एखादेच पांढरेशुभ्र निघाले, तर त्या पृष्ठावरचा लेप कुणीतरी बुरशीबरोबर घासून काढला आहे असा दाट संशय घ्यावा. कड्यांवरचे स्क्रू पाहावे. त्यांच्या खाचा कुरतडल्यासारख्या दिसल्या, तर आत गेलेला हात कारागिराचा नव्हता. एवढे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. विकणारा तेवढ्यासाठी कां-कूं करू लागला, तर भिंग त्याच्या पेटीत अलगद परत ठेवावे आणि शेजारच्या दुकानाची पायरी चढावी.